हुरड्याच्या मळ्यावरची शिट्टी

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी, नगर-पाथर्डी रस्त्यालगतच्या एका मळ्यावर मी गिटार वाजवत असताना स्पीकरने शिट्टी मारली. लगेच दुसरी मारली. ज्वारीवरचे पक्षी उठले. खाटेवर हुरडा खात बसलेल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

मळा माझ्या मामेभावाचा. थंडीत ज्वारीचे दाणे कोवळे असतात, तेव्हा तो रविवारी शहरातल्या कुटुंबांना हुरडा खायला बोलावतो. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजली जातात, हातावर चोळली जातात आणि गरम दाणे चटणी-गुळाबरोबर समोर येतात. करमणुकीला झोके आणि बैलगाडी असते. या हंगामात त्यात माझी भर पडली होती. मी गात नाही, फक्त वाजवते. वर्तमानपत्रातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर गिटार शिकले. अनोळखी माणसांसमोर वाजवायची ही माझी पहिली आणि एकुलती एक जागा होती.

संध्याकाळी गाड्या गेल्यावर मामेभाऊ शेजारी येऊन बसला.

“आक्का, राग मानू नको. लोकं हुरडा खायला येत्यात, कान टोचून घ्यायला न्हाई. परत असं झालं तर मी आपली पेनड्राइव्हवर जुनी गाणी लावीन.”

“म्हणजे मी येऊ नको?”

“ये की. हुरडा खा. गिटार तेवढी घरी ठेव.”

स्पीकर आणि मशीन गावातल्या मंडपवाल्याचं होतं. अॅम्प्लिफायरला तिकडे मशीनच म्हणतात. मंडपवाला मामेभावाचा वर्गमित्र. त्याचं निदान तयार होतं.

“ताई, दोष तुमच्या गिटारीत हाय. एको वाढवू का? एकोशिवाय आवाजाला वजन न्हाई.”

एको आधीच इतका होता की एक सूर वाजवला की चार ऐकू येत होते.

मंगळवारी नगरमध्ये वाद्यांच्या दुकानात गेले. गिटारच्या आत बसवलेल्या, तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपचा आवाज मुळात नाजूक असतो. तो थेट मशीनमध्ये घातला की पातळ होतो, पत्र्यावर खडे पडल्यासारखा. मधे प्रीअँप नावाची छोटी डबी लावली की तो भरीव होतो, आणि घुमणारा सूर एका बटणाने कापता येतो. दोन-तीन आवाज एकत्र करणारा छोटा मिक्सरही हे काम करू शकतो. त्यात माइकसाठीही जागा असते. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला.

“ताई, गाता का?”

“नाही.”

“मग मिक्सर घेऊन काय करणार? प्रीअँप न्या. आठवडाभर वाजवून बघा, नाही पटला तर आणून द्या.”

पुढच्या रविवारी प्रीअँप लावला. पहिल्याच सुराला फरक कळला. आवाजातला पत्रा जाऊन त्याला लाकूड आलं. झोक्यावरच्या दोन बायका पाय टेकवून थांबल्या. मामेभावाने लांबूनच हात वर केला. मंडपवाल्याने, आता सगळ्यांना नीट ऐकू जाऊ दे म्हणून, मशीनचा आवाज वाढवला. शिट्टी आली.

“बगा! म्हटलं न्हवतं? गिटारच!” मंडपवाला म्हणाला.

मी गिटारची वायर उपसून हातात घेतली. शिट्टी चालूच राहिली.

मामेभावाची बायको भाकरीची टोपली घेऊन चालली होती. ती मधेच थांबली.

“अवं, वन्संची वायर तर त्यांच्या हातात हाय. मग वरडतंय कोन?”

शोध घेतल्यावर वस्तुस्थिती अशी निघाली. घोषणांचा माइक स्पीकरसमोरच्या टेबलावर, चटणीच्या भांड्याशेजारी, मामेभावाच्या पंच्याखाली आडवा पडला होता. त्याचं बटण पूर्ण वर होतं. मामेभावाला घोषणा कधीही सुचते, म्हणून मंडपवाला ते कायम वरच ठेवत असे. मशीनचा आवाज वाढला की माइक स्पीकरचाच आवाज ऐकून ओरडत होता. आधीच्या रविवारीही माइक तिथेच होता, असं वहिनीने सांगितलं.

माइक बंद केल्यावर मी एक धून शिट्टीशिवाय वाजवली. दुसरी अर्ध्यात असताना मामेभावाला रस्त्यात लावलेली गाडी दिसली. त्याने माइक उचलला, हॅलो म्हटलं, फुंकर मारली, त्याला टपल्या मारल्या. मंडपवाल्याने धावत येऊन बटण वर केलं, आणि शिट्टी परत आली.

“माइक तर लागनारच,” मामेभाऊ म्हणाला. “अजून एक रविवार बघू. मग पेनड्राइव्ह.”

प्रीअँपने गिटार सुधारली होती. मामेभाऊ त्याच्या आवाक्याबाहेर होता. मी परत दुकान गाठलं आणि मिक्सर मागितला.

“आता गायला लागलात?” दुकानदाराने विचारलं.

“मी नाही. मामेभाऊ.”

“अरे वा! काय गातात?”

“पांढरी गाडी बाजूला घ्या.”

तो बराच वेळ हसला. मग त्याने गिटारसाठी वेगळी जागा असलेला आणि माइक एका बोटाने बंद करता येईल असा छोटा मिक्सर काढून दिला. प्रीअँपचा आवाज किंचित जास्त गोड होता, हे दुकानात दोन्ही लावून बघताना आम्हा दोघांनाही मान्य झालं. तरी मी प्रीअँप परत करून मिक्सर घेतला.

तिसऱ्या रविवारी गिटार आणि माइक दोन्ही माझ्या शेजारच्या स्टुलावरच्या मिक्सरमध्ये आले. तिथून एकच वायर मशीनला गेली. टेबल स्पीकरच्या मागे सरकवलं. मंडपवाला मशीनचं बटण एकदा लावून हुरडा खायला बसला. माझी पहिली धून चालू असताना मामेभाऊ माइक हातात घेऊन समोर उभा राहिला.

“आक्का, चालू कर की.”

“धून संपू दे.”

“आगटी तयार झाली!”

“मग गार होईल का लगेच?”

तो माइक छातीशी धरून थांबला. वहिनी चटणी वाढता वाढता म्हणाली, “बरं झालं. घरात ह्यांचं कुनी ऐकत न्हवतं, आता माइकबी ऐकंना.”

खाटांवरची मंडळी हसली. मामेभाऊही हसला. धून संपल्यावर मी माइक चालू केला, त्यात चवीपुरता एको घातला आणि तारा हळू छेडत राहिले.

“मंडळी, दोन नंबरची आगटी तयार हाय,” मामेभाऊ म्हणाला आणि थबकला. आपला आवाज गिटारवर बसलेला त्याने ऐकला होता. मग तो सावकाश, ठेक्यात बोलू लागला. “दही हाय... गूळ हाय... लसनाची चटनी हाय...” पोरांनी टाळ्या धरल्या. “हाय” आलं की सगळे मिळून “हाय” म्हणू लागले. मंडपवाल्याने तोंडात हुरडा असतानाच मान डोलावली.

“ताई, एको वाढवा,” तो ओरडला.

मी थोडा वाढवला.

त्या दुपारी शिट्टी आली नाही. निघताना मामेभावाने गिटारची पिशवी स्वतः गाडीत ठेवली आणि पुढच्या रविवारी जरा लवकर यायला सांगितलं. त्याला घोषणांची तालीम करायची होती.

फेब्रुवारीच्या शेवटी दाणे टणक झाले आणि मळ्यावरचा हुरडा बंद झाला. तोवरच्या प्रत्येक रविवारी मी तिथे वाजवलं.