कौदी जाळायची राहिली

मांजराच्या कानामागचे केस रुपयाएवढे गोल झडले, तेव्हा मी त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं.

"हुळुकड्डी हे. नायटा. माणसांनाही लागतो. ज्यावर झोपतंय ते जाळून टाका."

"कडक उन्हात घातलं तर?"

"उन्हाला भीत नाही ते. जाळा."

ते झोपायचं आईनं शिवलेल्या कौदीवर. अक्का पहिल्या बाळंतपणाला देशपांडे नगरातल्या आमच्या घरी आली होती. मूल व्हायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही शिवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. म्हणून आईनं आपल्या जुन्या, मऊ झालेल्या सुती साड्यांचे थर लावून ही गोधडी शिवली होती. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी, चार महिने. सुई ओवून द्यायला ती मला हाक मारायची आणि मी वैतागायचे. मांजर मात्र मीच दुर्गदबैलच्या बाजारातून उचलून आणलेलं, तिच्या नाकावर टिच्चून.

आता कौदी जाळ म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार? मी ती गुपचूप गरम पाण्यातून काढली, तीन दिवस गच्चीवर तापवली. मांजराला मलम लावून मागच्या खोलीत कोंडलं. एवढ्या उन्हात काय टिकतंय, असं स्वतःला बजावलं. मी सायन्सची पदवीधर होते, हे सांगायला आजही लाज वाटते.

बाळ झालं. रोज त्याला कौदीवरून उचलताना मी आधी त्याची कातडी निरखायचे. आई कौतुकानं म्हणायची, "मावशीचा जीव बघ की किती हे बाळावर!"

महिना व्हायच्या आतच बाळाच्या मानेखाली बारीक लाल कडं दिसलं. दुसऱ्या दिवशी ते वाढलं. आईनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि रडणाऱ्या बाळाला त्याच कौदीत गच्च गुंडाळलं.

"आई, ती कौदी काढ आधी," मी ओरडले, आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं बाळ सोडवून अक्काकडे दिलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"मला दिसत नाही गं," ती म्हणाली. "तुला तर दिसत होतं की."

नायटा औषधानं गेला. कौदी तिनं स्वतःच्या हातानं न्हाणीच्या चुलीत घातली. त्यानंतर सुई ओवायला तिनं मला कधी हाक मारली नाही.