भावजींचं पानिपत

पानिपतची लढाई मी एकदा जिंकले होते, आणि त्याहून मोठा मूर्खपणा माझ्या हातून आजवर झालेला नाही. तेव्हा मी जेमतेम साठीची होते. त्या वयात बाईला आपण फार हुशार आहोत असं वाटतं.

खेळ रचला होता माझ्या भावजींनी, म्हणजे ह्यांच्या मावसभावाने. इतका सावकाश निर्णय घेणारा माणूस रत्नागिरीत दुसरा झाला नसेल. जन्म एसटी स्टँडवर कंट्रोलरकीत गेलेला, त्यामुळे घरातही घोषणा केल्यासारखं बोलायचे. "वहिनी, चहा फलाटाला लागला आहे, प्रवाशांनी बसून घ्यावं." मासळी घेताना बांगड्याच्या डोळ्यात इतका वेळ बघत बसायचे की कोळीण वैतागून म्हणायची, "भाऊ, तो काय आता उत्तर देनार हाय?" जाऊबाई दाराआडून खुदुखुदु हसायच्या.

त्या जाऊबाईंच्या छातीत एका संध्याकाळी जळजळायला लागलं. त्याच म्हणाल्या, सकाळी बघू. भावजींनी ऐकलं. सकाळ काही जाऊबाईंना दिसली नाही. बाराव्याला आलेला प्रत्येकजण "लगेच न्यायला हवं होतं" असं सांगून, जेवून गेला. मीही सांगितलं, मी मागे राहते होय!

त्यानंतर भावजी पानिपतात शिरले ते शिरलेच. घरापुढच्या खळ्यात रांगोळीने मैदान आखायचे. काजूबिया म्हणजे घोडदळ, चिंचोके पायदळ, फणसाच्या आठळ्या तोफा. यमुना म्हणून जाऊबाईंची निळी साडी अंथरायचे. सेनापती होईल त्याने मैदानाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचं. शत्रू कुठे आहे, रसद कुठवर आली, हे जासूद होऊन भावजी सांगणार; तेही उशिरा आणि अर्धवट. तेवढ्यावर ठरवायचं, थांबायचं की निघायचं. "ह्याहून जास्त तुम्हाला काहीच ठाऊक नाही. ठरवा," म्हणायचे, आणि बाजूने वाकून त्याच्या तोंडाकडे असे बघत राहायचे की जणू त्यांचाच निकाल लागणार आहे. ह्यांच्याकडे तोफखाना होता. "भावड्या, तुझा जासूद येईपर्यंत तोफा भाजून खाऊ का रे?" असं हे विचारायचे.

मग माझी पाळी आली. भावजींनी सुरुवात केली, "तळावर बायकामुलं आहेत, रसद येते आहे असं कळलंय..." मी त्यांना पुरतं बोलूच दिलं नाही. "थंडी पडायच्या आत तळ हलवा! रसदीची वाट बघायची नाही, बायकामुलं आधी दक्षिणेला!" आणि भिंतीकडून गर्रकन वळून टाळ्या पिटल्या. "जिंकले! एवढं साधं सुचू नये त्यांना? वेळ हातात असताना थांबून राहायचं म्हणजे काय!"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढची टाळी हवेतच राहिली. भावजींनी यमुना उचलली, काठाला काठ जुळवून घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

आता भावजीही नाहीत. त्यांच्या बियांचा डबा माझ्याकडे आहे. नातवंडांशी खेळताना मी मुकाट्याने भिंतीकडे तोंड करून बसते, रसदीची वाट बघते आणि हरते. पोरं विचारतात, आजी, तू निघत का नाहीस? त्या दिवशी घडीवरून हात फिरवत भावजी बोलले होते, तेवढं फक्त आठवतं. घोषणेचा सूर नव्हता त्यात.

"वहिनी, तुम्हाला शेवट माहीत होता."