ढगळ

मदन महल वस्तीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू दर रविवारी मला हाक मारतात. "अगं, ये जरा, हात दे." हात द्यायचा म्हणजे दोन्ही हात पुढे धरून बसायचं, त्या उसवलेली लोकर माझ्या हातांभोवती गुंडाळतात.

आठवडाभर त्या काकांसाठी स्वेटरची पाठ विणतात. काका आजारपणानं खाटेवरच असतात. रविवारी त्यांना उठवून बसवायचं आणि विणून झालेली पाठ अंगाला लावून बघायची, हा काकूंचा नेम. दर वेळी काका आणखी बारीक झालेले असतात आणि ती ढगळ होते.

"काहून उसवून राहिल्या काकू? थोडा सैल चालतो न स्वेटर," मी एकदा म्हटलं.

"ढगळ कपड्यात हे आणखीच बीमार दिसतात. चलो, टाके कमी घालते."

मग त्या उसवत बसतात, जणू चूक सुयांनीच केली आहे. स्वेटर लहान होत चाललाय आणि उरलेल्या लोकरीचा गुंडा मोठा. त्या गुंड्याकडे आम्ही दोघीही बघत नाही.

परवाच्या रविवारी काकांना बसवता आलं नाही. काकूंनी पाठ त्यांच्या छातीवरच पसरली. ती दोन्हीकडून खाली लोंबली. मी सवयीनं हात पुढे केले.

काकूंनी ती उचलली नाही. तिच्या कडा काकांच्या अंगाखाली नीट खोचल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "याहून लहान नाही विणवत आता."

माझे हात तसेच पुढे राहिले.