आटगावच का?

रविनाचं काम ऐकून आमच्या गावात सगळे हसत. दिवसभर मोबाइलवरचा गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या. हत्ती भिंतीतून आरपार कसा गेला, बोट बुडाली तरी नावाडी कोरडा कसा. मीही शेजारधर्माने चिडवून घेतलं. ती चिडायची नाही. तेवढी ताकदच तिच्यात उरलेली नसे.

नवरा वारल्यावर ती लेकीला घेऊन बापाकडे, आटगावला आली होती. ठाण्याला कामाला निघताना चार वर्षांची मनस्वी झोपलेली आणि परत यायची तेव्हाही झोपलेलीच. रविवारी ती पोर आईला पाहुणी समजून आजोबांमागे लपायची. रविना ते हसत सांगे, पण मला ऐकवत नसे.

कंपनी नवी, पाच माणसांची. ठाण्याच्या जागेचा करार मे महिन्यात संपत होता आणि मालकीण दर्शना नाशिकला जायचं म्हणत होती. रविनाने तिला एक कागद लिहून दिला, ‘आटगावच का?’ स्टेशन चालत दहा मिनिटांवर. भाडं कमी. बारावी झालेल्या, गाव सोडायची इच्छा नसलेल्या मुली. उन्हापावसात वाकून भात लावणाऱ्या मुलींना एकच डाव शंभरदा खेळायचा कंटाळा येणार नाही. आणि गेल्या वर्षी आलेली फास्ट इंटरनेटची लाइन. दर्शनाला पटलं. ती म्हणाली, शुक्रवारी येते. तासभर न तुटता गेम चालला तर जागा पक्की.

शुक्रवारी सकाळीच रविनाचा बाप, कमळू, मला हाक मारायला आला. “चल रे, राब भाजून घेऊ. पाहुण्यांच्या डोल्यात धूर नको.”

भाताची रोपं करायच्या जागेवर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळायचा, हे आम्ही दर उन्हाळ्यात करतो. आग पसरू नये म्हणून मी हिरवी फांदी घेऊन बांधावर उभा होतो. माझ्या पायाशी गवतात एक काळी वायर होती. मला ती दिसली. पाण्याची जुनी नळी असेल म्हटलं. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

दर्शना अकराला रविनाच्या घरी आली. गेम लावला, पण पडद्यावरचं चाक नुसतं फिरत राहिलं. रविना वायरीच्या मागे धावत बांधापर्यंत आली, वितळलेलं टोक तिने हातात उचललं. लाइनवाला म्हणाला, चार दिवस लागतील. दर्शनाकडे चार दिवस नव्हते.

“वाईट वाटतंय गं,” ती म्हणाली. “आम्ही नाशिकला जातो. तुझी नोकरी आहेच. यायचं तर तिकडे राहावं लागेल.”

पाहुणी असेपर्यंत परसातच थांबलेला कमळू ती गेल्यावर हात धुऊन आला. भुवया जळलेल्या, चेहरा खुशीत.

“धूर नाय ना झाला गो त्यांना? मी लवकरच उरकला.”

मी तोंड उघडलं. रविनाने माझ्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

“नाय बा,” ती म्हणाली. “जरापन धूर नव्हता.”

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, ती बॅग घेऊन नाशिकला निघाली. मनस्वी नेहमीसारखीच झोपलेली होती. उठल्यावर तिने आई कुठे म्हणून विचारलंसुद्धा नाही; रोजच्यासारखी कामाला गेली असेल, असं वाटलं तिला.