डावीकडचे दोन टायर

आमच्या घरात कोणाचाच कोणावर विश्वास नाही, आणि त्याची आम्हाला लाजही वाटत नाही. माझे वडील, म्हणजे आबा, उभा जन्म बेल्ह्याच्या बाजारात गाई-बैल घेत-विकत आले. विकणारा जनावराला मीठ चारतो, मग ते पोटभर पाणी पितं आणि चांगलं खाऊन-पिऊन असल्यासारखं दिसतं. गाय दोन वेळा न पिळता कास तुंबवून आणतात, म्हणजे घेणाऱ्याला वाटतं, काय दूध आहे राव हिला. हे सगळं आबांनी मला पाटी-पेन्सिलीच्या वयात शिकवलं. तेव्हापासून मी ढिगातली वरची मेथीची जुडी कधी घेतली नाही. घोडेगावला मी ज्या कचेरीत नोकरी करते तिथले साहेब गोड बोलायला लागले, की आज कोणाचं काम माझ्या गळ्यात पडणार हे मी आधी शोधते.

आमचं गाव खोडदच्या अंगाला. अंगणातून रेडिओ-दुर्बिणीच्या मोठमोठ्या जाळीच्या थाळ्या दिसतात. आबांचा त्यांच्यावरही संशय आहे. एवढा खर्च करून ही माणसं आभाळाकडे तोंड करून नुसती ऐकत बसतात, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

नवरा चाकणला कंपनीत, सुट्टीला येतो. त्यामुळे मी आणि माझी मुलगी माहेरीच राहतो. गेल्या उन्हाळ्यात मुलीचं नाव नारायणगावच्या शाळेत घातलं आणि तिला रोज नेणार-आणणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. गावात शाळेची व्हॅन येते. पण मी एकदा स्कूटीवरून त्या व्हॅनच्या मागे मागे गेले होते. ड्रायव्हरनं मान वाकडी करून फोन कानाशी धरलेला, आतमध्ये पोरं कांद्याच्या गोण्यांसारखी रचलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन सांगितलं, माझी पोर या माणसाच्या हातात मी देणार नाही.

"मी हाय की," आबा म्हणाले. "माझी नात, माझी गाडी. दुसरं कशाला कोण पायजे?"

इतके खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. गाडी आमची छोटीच, मागे डिकीत दोन पोती कशीबशी मावतात एवढी. पण आबांनी ती धुऊन घेतली, हॉर्न दुरुस्त केला, पोरीला पुढचा रस्ता दिसावा म्हणून सीटवर ठेवायला जाडजूड उशी शिवून आणली. मी खाली बसून टायर पाहिले. पुढचे दोन्ही पार गोटा झालेले, नक्षीचा मागमूस नाही. मागचेही त्याच वाटेला लागलेले. म्हटलं, आबा, पावसाच्या आत चारही टायर नवे. तोवर पोर गाडीत बसणार नाही.

मग आठवडाभर मी मोबाइलवर टायरचे व्हिडिओ पाहिले. पडून राहिलेला माल नवा म्हणून कसा खपवतात, टायरच्या अंगावरच्या आकड्यांवरून तो कुठल्या वर्षी बनला हे कसं ओळखायचं, जुन्या टायरवर नवं रबर चढवून कसं फसवतात. रस्त्यात माझ्या पोरीचा जीव त्या चार रबरांवर असणार होता. मी डोळ्यांत तेल घालून बघणार होते.

त्यात आईनं एक नवंच काढलं. "शाळंत सोडायला मी बी रोज जाणार. म्होरं मी बसंन, पोरगी मागं बसंल."

रोज? मी म्हटलं, तुझं काय काम तिथे? ती धुण्याला निघून गेली. माझी मावशी नारायणगावातच राहते. मी ओळखलं, हिला रोज सकाळी बहिणीकडे बसून तिच्या सुनांची उणीदुणी काढायची आहेत. उशी मात्र पोरीसाठी पुढच्या सीटची शिवली होती, त्यामुळे आबा आणि आई यांच्यात यावरून थोडी धुसफूसही झाली.

टायर घ्यायला आम्ही तिघं जुन्नरला गेलो. आबा गाडी चालवायला, आई त्यांच्या शेजारी, मी मागे. आईला गाडीत गप्प बसवत नाही. "डावीकडं दगुड हाय. सायकलवाला चाललाय. म्हस येतीया कडंनं. आता मोरी यील, मोरी." आबा वैतागतात. "गाडी तू चालवतीस का मी?" म्हणतात. लग्नाला एवढी वर्षं होऊनही बाईचा नवऱ्याच्या हातावर विश्वास नाही, असं मनात म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

दुकान जुन्नरातल्या एका मुसलमान घराण्याचं. त्यांचे आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचे, आमच्या गाड्यांनाही त्यांनीच चढवलेली. आता नातू टायर विकतो. नातू म्हणजे तोही साठीच्या घरातला, त्याला सगळे चाचा म्हणतात. एवढी जुनी ओळख, म्हणून आबा दुसरीकडे जात नाहीत, आणि एवढी जुनी ओळख असूनही त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवत नाहीत.

चाचांनी दर्शनी भागात रचलेल्या टायरकडे हात केला. आबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्होरं मांडल्यात ते नकोत. आतले दाखवा."

"आबा, सगळे सारखेच हायेत."

"मग आतले दाखवायला काय जातंय?"

आतले आणले. आबांनी एकेका टायरवर हात फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला, बोटाला काळं लागतंय का पाहिलं. "ह्याला काहीतरी फासलंय. लई चमकतंय. शिंगाला तेल लावत्यात तसं."

"दात बी बघून घ्या," चाचा म्हणाले. दुकानातली माणसं हसली. आबा नाही हसले आणि मीही नाही. मी मोबाइलचा उजेड पाडून टायरवरचे आकडे वाचत होते. एक मागच्या वर्षीचा निघाला, तो बाजूला काढला. दुसरा त्याच्याही आधीचा, तो परत पाठवला. चाचांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाई, तुमी आबांच्याच लेक. त्याला दाखला लागायचा न्हाई," म्हणाले. शेवटी चार टायर मला पटले. आबांनी ते पुन्हा एकदा उलटे करून पाहिले, मग मान हलवली.

गाडी जॅकवर चढली. जुने टायर निघाले आणि भिंतीला टेकवून ठेवले गेले. आई बाकावर बसून ताक पीत होती. मला वाटलं, आता आबा ते डिकीत टाकायला सांगतील. कारण आमच्याकडे जुना टायर कधी टाकलेला मला आठवत नाही. कांद्याच्या चाळीवरचा कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर टायर टाकतात. विहिरीच्या काठाला टायर, वासराच्या पाण्याच्या घमेल्याखाली टायर. गेल्या खेपेला तर आबांनी दुसऱ्या कुणाचे सोडून दिलेले टायरही उचलून आणले होते.

"जुने ऱ्हाऊ द्या हितंच," आबा म्हणाले. "टाका तुमी कुठंबी."

माझ्या मनात पाल चुकचुकली. चाचांनाही नवल वाटलं असावं. त्यांनी विचारलं, "चाळीला नकोत?" आबा म्हणाले, "न्हाई नकोत. जागा न्हाई." आणि ते लगबगीनं भिंतीच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभे राहिले. गायीचा दुखरा पाय झाकायला विकणारा जसा बरोबर त्याच बाजूला उभा राहतो, तसे. हेही मला त्यांनीच शिकवलं होतं.

मी त्यांना वळसा घालून गेले आणि टायर एकेक करून फिरवले. उजवीकडचे दोन नुसते झिजलेले, बाजूंना स्वच्छ. डावीकडच्या दोन्हींची बाहेरची बाजू मात्र चिरांनी भरलेली. जागोजाग रबर सोललेलं, कुठे भिंतीचा चुना, कुठे पुलाच्या कठड्याचा पिवळा रंग. पुढच्याला तर लिंबाएवढा फुगा आलेला. आणखी थोडे दिवस चालला असता तर रस्त्यात फुटला असता. मी फक्त नक्षी पाहिली होती. बाजू पाहिलीच नव्हती, कारण घरी गाडी नेहमी डावी बाजू गोठ्याच्या भिंतीला चिकटवून लावलेली असते. आजवर ते मला नीटनेटकेपणाचं वाटत होतं.

"आबा, हे काय?"

"रस्ते कसे झाल्यात बघतीस ना," ते म्हणाले. रस्ते दोन्ही बाजूंना सारखेच खराब आहेत, हे मी बोलले नाही.

तेवढ्यात चहा आला. मी आबांचा पेला मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताशी, बाकावर ठेवला. समोर बघत ते वाट पाहत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "चहा सांगितला व्हता न्हवं?"

मी पेला उचलून त्यांच्या उजव्या हातात दिला. ते प्यायला लागले. त्यांना कळलं, की मला कळलंय.

मी आईला दुकानामागे पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि सरळ विचारलं, आबांना डावीकडचं दिसत नाही हे तुला माहीत आहे का. तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

"काचबिंदू हाय. डावा पार गेला. गेलेलं माघारी येत न्हाई म्हनं. उजव्यात औषध घालत्यात रोज, न्हाणीत जाऊन घालत्यात, मला दिसू नये म्हून. मला बाटली घावली व्हती. त्यांनी मला सांगितलं न्हाई, मी बी इचारलं न्हाई."

"आणि तू रोज त्यांच्या शेजारी बसून बडबडतेस ती..."

"मग काय करू? सांगितलं तर गाडी सोडावी लागंल. गाडी सोडली की मान्सात जायचंच सोडतील. त्यांला कुनाच्या गाडीवर मागं बसायला आवडत न्हाई."

मला तिची दया यायला हवी होती. मला राग आला. इतका, की आवाज चिरकला. "माझी पोर बसणार होती त्या गाडीत, आई."

"मी जाणार व्हते ना रोज संगं. मी बोलणार व्हते."

"आणि तू आजारी पडलीस तर? तुला एका दिवशी झोप लागली तर?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आणि मला तरी बोलायला तोंड कुठे होतं? टायरवरचे आकडे वाचणारी मी, त्या व्हॅनवाल्याचा पाठलाग करणारी मी. ज्याच्या हातात पोर देणार होते त्या माणसाकडे मी एकदाही संशयानं पाहिलं नव्हतं.

टायर बसले. मी आबांपुढे हात केला आणि म्हटलं, चावी द्या, नवे टायर कसे पळतात बघते. आबा गाडीत असताना स्टेअरिंगला दुसऱ्यानं हात लावलेला आमच्या घरात चालत नाही. त्यांनी भांडावं, ओरडावं, असं मला फार वाटलं. त्यांनी खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि जाऊन डावीकडे बसले.

वाटेत आबा मांडीवर हात ठेवून समोर बघत होते. मी आतल्या आत शब्द जुळवत होते. पोरीला सोडायला तुम्ही जायचं नाही, हे त्यांना कसं सांगायचं? उद्या सांगू, नवरा आला की त्याच्याकडून सांगवू, शाळा लांब पडते म्हणू. एकही धड वाटत नव्हतं, आणि प्रत्येकातला खोटेपणा त्यांना लगेच ओळखू आला असता.

अंगणात गाडी थांबली तशी पोर पळत आली. तिनं वाकून चारही टायर पाहिले, त्यांच्यावरचे रबराचे बारीक केस ओढून पाहिले. मग आबांच्या बाजूचं दार उघडलं. "आबा, तुम्ही उतरा, तिकडं बसा. मी इथं. एक चक्कर मारू शाळेपर्यंत."

मी तोंड उघडलं. पण आबांनी माझ्याकडे न पाहता हातानं मला थांबवलं. गाडीतून उतरून ते तिच्याजवळ उकिडवे बसले, गुडघे कटकन वाजले.

"तू माझ्या गाडीत बसायचं न्हाई," ते म्हणाले. "मला ह्या डोळ्यानं दिसत न्हाई. कायबी दिसत न्हाई. मी तुला सोडाया येनार न्हाई."

आई ओट्यावर थांबली होती, ती तिथेच खाली बसली. जे त्यांनी बायकोला सांगितलं नाही, मला विचारू दिलं नाही, ते दुसरीतल्या पोरीला त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मला रडू आवरेना.

पोर काही रडली नाही. तिनं आधी हातानं स्वतःचा एक डोळा झाकून गोठ्याकडे पाहिलं, मग आबांच्या तोंडाकडे. ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती, उघड्या दाराला धरून.

"मग आत्ता मी तुम्हाला दिसत नाही?" तिनं विचारलं. "सांगा ना, मी कुठं उभी राहू?"

आबांनी हवेत चाचपत तिचा हात शोधला, आणि तिला पुढून फिरवून आपल्या उजव्या अंगाला घेतलं.