फोटोसाठी गौरीचा मास्क

जालनेकरांनो, इथं ऑर्कुटवर लिहून राह्यलो, कारण गावात हे बोलायची सोय न्हाई.

माझी भाची गौरी, सहा वर्षांची. तिला मज्जातंतूंच्या पेशींचा कॅन्सर. कुठल्याच औषधाला दाद देईना, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी शेवटचा प्रयोग म्हणून ताईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी काढून तिला दिल्या. मागच्या आठवड्यात ती घरी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, गर्दीत न्यायचं न्हाई, मास्क काढायचा न्हाई.

आज ताईच्या गावात, अंबडकडं, एका पुढाऱ्यानं पोरीला पेशी देणारी आई म्हणून ताईचा सत्कार ठेवला. मी जालन्याहून गेल्तो. ताई म्हणली, "मी एकटी येते." तर हा जीप घेऊन दारात! "ताई, पोरगीच न्हाई तर लोक बघतील काय?"

शी! बघायला काय सर्कस होती?

चौकात धुरळा, ढोलताशा. तंबाखू मळलेल्या हातांनी लोक गौरीचे गाल मास्कवरूनच कुरवाळून राह्यले. ताई ओरडत होती, पण माइकपुढं तिचं कोण ऐकतं?

मंग फोटोवाला म्हणला, "चेहरा दिसंना." पुढाऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

मास्क मी काढला. ह्या हातांनी.

गौरीनं ओठ घट्ट मिटले. घरी आल्यावर ताईला म्हणली, "आई, फोटो होईपर्यंत मी बिलकुल श्वास घेतला न्हाई."

आता ताईसमोर कोणत्या तोंडानं जाऊ, सांगा.