बाबांचा माईक आणि भिंतीतली वायर

बाबांना अर्धांगवायू झाला आणि त्यांचा आवाज गेला. अगदी ओठांशी कान नेला तरच काही कळे. जन्मभर भीमगीतं गाऊन वस्ती जागवलेल्या माणसाची ही गत मला बघवेना. शेवटी त्यांचाच जुना माईक उशाशी बांधला, अॅम्प्लिफायर जोडला आणि स्पीकर स्वयंपाकघरात ठेवला. ते कुजबुजत आणि मी धावत जाई.

उन्हाळा लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. कूलरशिवाय बाबा तगले नसते. पण कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर, अॅम्प्लिफायर, सगळं भिंतीतल्या एकाच जुन्या, बारीक वायरीवर. मोटर लावली की भार जास्त होऊन एमसीबी पडायचा आणि घरातली वीज जायची. एकदा तसाच पडला तेव्हा मी अंगणात पाणी भरत होते. आत आले तर चादर ओली, आणि बाबा बंद माईकवर ओठ हलवत होते. मी तिथेच खाली बसून रडले.

मग काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, शेजारीच राहणारे, कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त. वस्तीत कुणाची वीज अडली की त्यांनाच बोलावणं जातं. ते तिथे कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर होते, विजेच्या कामावर नव्हे, हे कुणी लक्षात घेत नाही. त्यांनी लहान एमसीबी काढून दुप्पट मोठा बसवला. मी म्हटलं, अहो काका, भिंतीतली वायर तर तीच आहे, ती तापेल.

"मी कोराडीले होतो. मले काय शिकवते वं?"

त्यांच्यापुढे माझं कोण ऐकणार? एमसीबी पडायचा थांबला आणि घरात सगळे खूश झाले. मी मात्र येता-जाता भिंतीला हात लावून बघायची.

एका दुपारी मोटर सुरू होती, मी पोळ्या लाटत होते. स्पीकरमधून बाबांचा आवाज आला.

"बोर्ड जळून राहिला वं. मेन बंद कर."

मी ओसरीत धावले आणि मेन पाडला. आत त्यांच्या उशामागचा बोर्ड काळा पडून वितळत होता, खोलीत धूर कोंडला होता. काकांना हाक मारली, आम्ही दोघांनी खाट ओढत बाहेर आणली.

आता भिंत फोडून नवी वायर टाकेपर्यंत कूलर नाही आणि माईकही नाही. बाबा घामाने निथळत होते, ओठ हलत होते. मी कान नेला.

"ऐकू आलं का वं?"

आलं बाबा, मी म्हटलं, म्हणून तर मेन पाडला. त्यांनी बंद पडलेल्या माईककडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा तेच विचारलं.